गावठी कोंबडीत जनुकबदल: मूलपेशी, आद्य जननपेशी आणि कोकणात नेमकं काय करता येईल?

सड्यावरचा (धागाकर्ता)

कुक्कुटपालनाच्या गटांवर सध्या एक वाक्य फिरतंय: "मूलपेशी घ्यायच्या, त्यात जनुक बदलायचं, अंड्यात सोडायच्या, की रोग न होणारी गावठी कोंबडी तयार." यात खरं किती आणि मधल्या गाळलेल्या पायऱ्या किती, हे जाणकारांकडून एका जागी यावं म्हणून हा धागा. प्रश्न असे: नेमक्या कोणत्या पेशी? त्या कुठून आणि कधी काढायच्या? बदल पुढच्या पिढीत उतरला हे कसं कळतं? आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या हवेत, इथल्या वीजपुरवठ्यावर यातलं काय जमण्यासारखं आहे?

कृपया बातम्यांच्या लिंका नकोत, प्रक्रिया लिहा.

---

पेशीघर

आधी 'मूलपेशी' या एका शब्दाखाली येणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करू.

पहिल्या भ्रूणमूलपेशी. ताजं फलित अंडं फोडलं की बलकावर जो पांढरट ठिपका दिसतो, त्यातून या मिळतात. दुसऱ्या अंड्यात सोडल्या तर पिलाच्या पिसांत, स्नायूंत त्या दिसतात. पण काही आठवडे बशीत वाढवल्या की वृषणात किंवा अंडाशयात पोचून शुक्राणू-अंडी बनवण्याची त्यांची क्षमता जवळजवळ संपते. कोंबडा चितकबरा होतो, पिलांत मात्र काहीच उतरत नाही. १९९० च्या दशकातलं बरंचसं काम इथेच अडकलं.

उंदरासारखी फलित अंड्यातच सुई का घालत नाहीत, असंही विचारलं जातं. कोंबडीत फलन अंडनलिकेच्या अगदी तोंडाशी होतं. त्यानंतर पांढरं आणि कवच चढून अंडं बाहेर यायला साधारण एक दिवस जातो, आणि तोवर त्या ठिपक्यात ४० ते ६० हजार पेशी झालेल्या असतात. एकपेशी अवस्था गाठायची तर कोंबडीच मारावी लागते. शिवाय बलक अपारदर्शक, त्यामुळे केंद्रक दिसत नाही.

म्हणून कामाच्या त्या आद्य जननपेशी, ज्यांना सगळे पीजीसी म्हणतात. यांच्यातूनच पुढे शुक्राणू आणि अंडी बनतात. पक्ष्यांची खासियत अशी की या पेशी जननग्रंथीकडे रक्तातून जातात. सस्तन प्राण्यांत त्या ऊतींमधून सरकत जातात, तिथे त्यांना वाटेत पकडणं अवघड. कोंबडीच्या भ्रूणात अडीच दिवसांच्या सुमारास त्या रक्तात फिरत असतात. तेवढ्या वेळात सुईने काढता येतात आणि तेवढ्याच वेळात दुसऱ्या भ्रूणात सोडता येतात. अशा पेशी बशीत वाढवून, त्यांत जनुकबदल करून तो पिलांत उतरवल्याचं काम कॅलिफोर्नियातल्या ओरिजेन थेरप्युटिक्सच्या गटाने २००६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. आजची बहुतेक कामं त्याच वाटेने चालतात.

---

पेशीघर

काढण्याची आणि वाढवण्याची पद्धत वेगळ्या प्रतिसादात देतो, कारण अपयश बहुतेक इथेच येतं.

अंडं ५० ते ५६ तास उबवायचं. तासांपेक्षा भ्रूणाच्या पाठीवरच्या खंडांची जोडी मोजणं महत्त्वाचं. २२ ते २८ जोड्या दिसल्या तर योग्य वेळ. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक नळीने पृष्ठीय महाधमनीतून १ ते ३ मायक्रोलिटर रक्त घ्यायचं आणि ४८ खणांच्या पाटीत, दर खणात ३०० मायक्रोलिटर माध्यमात सोडायचं. एका भ्रूणाचं रक्त एकाच खणात, मिसळायचं नाही. उरलेल्या भ्रूणाचा तुकडा डीएनएसाठी ठेवायचा, नर की मादी ते पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघण्याची चाचणी) त्यातूनच कळतं.

माध्यमाचा आजचा प्रचलित पाया एडिंबरोच्या रोझलिन संस्थेच्या गटाने २०१५ मध्ये मांडला. त्यात सस्तन पेशींचं नेहमीचं माध्यम पाणी घालून २५० मिलिऑस्मोलपर्यंत (विरघळलेल्या क्षारादींच्या तीव्रतेचं माप) पातळ करतात, कॅल्शियम ०.१५ मिलिमोलवर ठेवतात, आणि तीन प्रथिनं घालतात: एफजीएफ२ मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम, ॲक्टिव्हिन-ए २५ नॅनोग्रॅम, ओव्होट्रान्सफेरिन १० मायक्रोग्रॅम. हेपरिन हवंच, त्याशिवाय एफजीएफ२ नीट काम करत नाही. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के.

बिघाड कुठे होतो:

कॅल्शियम जास्त झालं की पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि गोळ्याच्या आतल्या मरतात. नेहमीचं माध्यम पातळ न करता वापरलं तर पेशी आक्रसतात. या पेशी तळाला चिकटत नाहीत, तरंगत्या राहतात. म्हणून माध्यम पूर्ण बदलायचं नसतं, दर दोन दिवसांनी वरचं तिसरा हिस्सा हळूच काढून ताजं घालायचं. पिपेट जोरात ओढली तर पिकच निघून जातं. पहिले दहा-बारा दिवस खणात तांबड्या पेशींचीच गर्दी असते, तेव्हा घाबरून टाकून देऊ नये, त्या आपोआप मरतात. मग १५ ते २० मायक्रॉनच्या गोल, आत चकचकीत मेदकण असलेल्या पेशी दिसू लागतात. त्याऐवजी तळाला चिकटलेल्या टोकेरी पेशी पसरत असतील तर ते संयोजी ऊतीचं पीक आहे, खण सोडून द्यावा. सगळं बरोबर असेल तर तीन-चार आठवड्यांत एका खणातून लाखभर पेशी मिळतात.

---

खाडीकाठ

हॅचरीच्या बाजूने लिहितो, कारण प्रयोगशाळेतले लोक अंडं 'ताजं' समजून सुरुवात करतात आणि कोकणात ते तसं नसतं.

भ्रूणाची वाढ साधारण २१ अंशांच्या खाली थांबते. एप्रिल-मे मध्ये खुराड्यातलं तापमान ३३ अंश. अंडं सकाळी घातलं आणि संध्याकाळी गोळा केलं तर भ्रूण अर्धवट पुढे गेलेला असतो, आणि प्रत्येक अंड्यात वेगवेगळा. अशी अंडी एकत्र सेटरला (उबवणी यंत्राला) लावली की ५३ तासांनी कुणाचे १८ खंड, कुणाचे ३०. वर पेशीघर यांनी सांगितलेली वेळ जेमतेम काही तासांची आहे, निम्मी अंडी अशीच वाया जातात. उपाय साधा: दिवसातून तीन-चार वेळा अंडी उचलायची, लगेच १५ ते १८ अंशांना ठेवायची, आठवड्याच्या आत वापरायची. घरगुती फ्रिजच्या ४ अंशांत ठेवू नयेत, भ्रूण मरतात.

आर्द्रतेबद्दल पुस्तकातला आकडा इथे जसाच्या तसा चालत नाही. पावसात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असेल तर तीच हवा सेटरमध्ये ३७.५ ला तापल्यावर सुमारे ५० टक्क्यांवर येते, पाण्याची बशी न ठेवता. बशी ठेवली की ६०-६५. मग अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिलू कवच टोचतानाच गुदमरतं. अठराव्या दिवशी अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटलेलं हवं. ५५ ग्रॅमचं अंडं ४८-४९ ग्रॅमवर यायला हवं. काट्यावर दहा अंडी तोलून बघा, आर्द्रतामापकापेक्षा हे खात्रीचं. उलट जानेवारीत बाहेर २० अंश, ६० टक्के असेल तर आत जेमतेम २२ टक्के राहतात, तेव्हा पाणी हवंच.

वीज: अडीच दिवसांच्या भ्रूणाला तासाभराचा खंड मारत नाही, पण वाढ मागे पडते आणि वेळेचा हिशेब बिघडतो. पेशींच्या इनक्युबेटरला मात्र इन्व्हर्टर अनिवार्य. कार्बन डायऑक्साइडची झडप बंद पडली की माध्यमाचा सामू चढतो, ते गुलाबीसर-जांभळं होतं.

---

माडाखाली

वाचून बरां वाटलां. पण एकच सांगा, ह्या करून मानमोडी थांबतली काय? गावात एकदा रोग इलो की खुराडी रिकामी होतत. फ्लूपेक्षा ताच मोठा.

---

गुरांचा_डॉक्टर

@माडाखाली, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आहे, म्हणून स्पष्ट उत्तर: नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. त्याचा विषाणू पेशीत शिरताना सियालिक आम्लाला चिकटतो. ते शरीरभर असतं आणि काढून टाकता येत नाही. एक जनुक बदललं की राणीखेत होणार नाही, असं जनुक आज हातात नाही. राणीखेतला लस आहे आणि ती स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा, आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर२बीचं इंजेक्शन. लस फसते ती थंड साखळीमुळे. बाटली बर्फातून आणायची आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवायची. एसटीच्या टपावर उन्हात आलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी.

आता जनुकबदलाने काय झालंय ते. एव्हियन ल्युकोसिस या कोंबड्यांत गाठी करणाऱ्या विषाणूच्या 'जे' (J) उपप्रकाराला कोंबडीच्या एनएचई१ प्रथिनातलं ३८ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल लागतं. ते उडवलेल्या कोंबड्या २०२० मध्ये चेक शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवल्या, त्यांना त्या विषाणूची लागण होत नाही. हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

फ्लूचं तितकं स्वच्छ नाही. विषाणूला वाढायला एएनपी३२ए हे प्रथिन लागतं. त्यातली १२९ आणि १३० क्रमांकाची दोन अमिनो आम्लं बदललेल्या कोंबड्यांचं काम रोझलिन आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. नेहमीच्या मात्रेला दहापैकी नऊ पक्षी बाधित झाले नाहीत. मात्रा हजारपट केली तर दहापैकी पाच बाधित झाले, आणि त्यांच्यातल्या विषाणूने स्वतःत बदल करून एएनपी३२बी आणि एएनपी३२ई ही भावंडं वापरायला सुरुवात केली. तिन्ही जनुकं बंद केली तर विषाणू वाढला नाही, पण ते बशीतल्या पेशींमध्ये, जिवंत कोंबडीत नाही. अर्धा रोध असलेले पक्षी गावोगाव सोडले तर विषाणूला बदलायला मोकळं रान मिळेल. मला हा धोका फायद्यापेक्षा मोठा वाटतो.

आणखी एक व्यवहाराची बाब. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता. समजा कोंबड्यांत निघाला, तर १ किलोमीटरच्या बाधित क्षेत्रातले सगळे पक्षी नष्ट करायचा नियम आहे. रोधक्षम पक्ष्याला त्यात सूट नाही.

---

अनुवंश

> बदल पुढच्या पिढीत उतरला हे कसं कळतं?

पेशीत बदल करण्याची पायरी त्याआधी येते, ती थोडक्यात. कॅस९ (डीएनए कापणारी कात्री) आणि तिला जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए असलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, विजेच्या धक्क्याने किंवा मेदकणांतून पेशीत घालतात. एखाद-दुसरं अक्षरच बदलायचं असेल तर सोबत एकपदरी डीएनएचा छोटा नमुना देतात. पेशी एकेक करून ९६ खणांत टाकतात, त्यातल्या काहीच वाढतात, आणि वाढलेल्या प्रत्येक वंशाचं जनुक वाचून बघतात. हव्या जागेबरोबर त्यासारख्या दिसणाऱ्या इतर जागाही तपासाव्या लागतात. घाईत एकाच वंशावर सगळं लावू नये, दोन-तीन वेगळे वंश पुढे न्यावेत.

मग या पेशी यजमान भ्रूणात (ज्यात पाहुण्या पेशी वाढवायच्या त्या दुसऱ्या अंड्यातल्या भ्रूणात) सोडल्या की पहिल्या पिढीचा कोंबडा मिळतो. तो बाहेरून साधा यजमान जातीचाच असतो. त्याच्या वृषणात दोन्ही प्रकारच्या पेशी असतात: त्याच्या स्वतःच्या आणि पाहुण्या. प्रमाण कोंबड्यागणिक बदलतं. म्हणून आधी वीर्याच्या डीएनएवर पीसीआर, आणि त्यात दिसलेलेच कोंबडे जुळणीला.

पिसांच्या रंगाची जुनी युक्ती इथे फार उपयोगी. यजमान पांढरा लेगहॉर्न, ज्याचा पांढरा रंग प्रभावी. दाता, म्हणजे पाहुण्या पेशी ज्याच्या तो, बार्ड रॉक जातीचा. कोंबडा मोठा झाला की त्याला बार्ड रॉक माद्यांवर सोडायचा. पिलू पांढरट निघालं तर ते यजमानाच्या शुक्राणूचं, काळं निघालं तर पाहुण्या पेशीचं. उबवणीच्या दिवशी टोपलीत हात घालून मोजता येतं, एकही नळी न वापरता. आपल्या गावठी कोंबडीत मात्र ही युक्ती चालत नाही. काळी, तांबडी, कवडी, उलट्या पिसांची, उघड्या मानेची, सगळं एकाच कळपात. तिथे सरळ डीएनए खुणाच लागतात.

काळाचा हिशेब: पेशी वाढवणं दीड महिना, बदल आणि निवड दोन महिने, उबवण २१ दिवस, कोंबडा वयात यायला पाच-सहा महिने, गावठीत आणखी उशीर. त्याची पिलं एकाच बाजूने बदल घेतलेली. त्यांची आपसात जुळणी केल्यावर चारात एक पिलू दोन्ही बाजूंनी बदललेलं. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी दोन वर्षं. 'अंड्यात सोडलं की तयार' हे वाक्य इथेच फसतं.

---

पेशीघर

यजमान अंड्यात सोडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण हाताचं सगळ्यात नाजूक काम हेच.

अंडं आडवं ठेवून उबवलेलं असतं, त्यामुळे भ्रूण वर तरंगतो. कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसून टोकाकडून सिरिंजने ३ ते ५ मिलिलिटर पांढरं काढायचं. भ्रूण खाली बसतो आणि कवच कापताना फाटत नाही. मग वरच्या बाजूला अर्ध्या ते एक सेंटिमीटरची खिडकी. त्याहून मोठी केली की पिलं निघण्याचं प्रमाण घसरतं. सुईचं तोंड ३० ते ४० मायक्रॉन, तिरकं घासलेलं: त्याहून बारीक असेल तर २० मायक्रॉनच्या पेशी फाटतात, रुंद असेल तर धमनी वाहत राहते. १ मायक्रोलिटरमध्ये ३ ते ५ हजार पेशी, त्यात किंचित हिरवा रंग. रंग धमनीतून हृदयाकडे धावताना दिसला तर गेलं. जागच्या जागी फुगा दिसला तर सुई धमनीबाहेर आहे, ते अंडं बाद धरा. खिडकी चिकटपट्टीने बंद करताना आत हवा अडकू द्यायची नाही, कडा नीट दाबायच्या. इथल्या दमट हवेत पट्टी सुटते आणि दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून कवच कोरडं करूनच लावायची.

यजमानाच्या स्वतःच्या पेशींची स्पर्धा हा यातला मोठा अडसर. पूर्वी बुसल्फान हे औषध देऊन त्या कमी करत, पण त्याने भ्रूणही मरत. आता यजमानच वंध्य घडवतात. रोझलिनने डीडीएक्स४ जनुक बंद केलेल्या कोंबड्यांत २०१९ मध्ये दुर्मीळ जातींच्या पेशी वाढवून दाखवल्या. २०२१ मध्ये त्याहून पुढे, इंजेक्शनच्या वेळीच औषध देऊन यजमानाच्या जननपेशी मारता येतील असे नर-मादी दोन्ही यजमान तयार केले. अशा जोडीची जुळणी केली की सगळी पिलं थेट दात्या जातीची निघतात.

---

कायदेकानू

भारतातली बाजू थोडक्यात. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात: आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागातली आरसीजीएम ही जनुकबदल तपासणारी समिती, आणि बाहेर सोडायचं असेल तर जीईएसी ही केंद्राची मंजुरी समिती. मार्च २०२२ मध्ये बाहेरचं जनुक न घातलेल्या काही जनुकसंपादित वनस्पतींना या नियमांच्या काही भागांतून सूट मिळाली. ती फक्त वनस्पतींना. कोंबडीला नाही, एक अक्षर बदललं तरी नाही. घरच्या परसात असा पक्षी ठेवणं बेकायदेशीर आहे, हे गटांवरच्या लोकांना कळू द्या.

---

अनुवंश

मग आपण काय करावं, यावर माझं ठाम मत आहे. जनुक बदलण्याआधी या पेशी साठवा. त्या साठवायला बदलाची गरजच नाही आणि कोकणाला खरी गरज त्याचीच आहे. वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती आणि व्यापारी संकर घरोघर पोचलेत, त्यांचे कोंबडे गावठी माद्यांवर चढतात, आणि अंड्यावर बसणारी, घारीला ओळखणारी, सड्यावर चरून जगणारी जात पातळ होते आहे. हा तोटा भरून येत नाही.

कोंबडीचं अंडं गोठवता येत नाही. वीर्य गोठवता येतं, पण कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात. डब्ल्यू फक्त मादीत, आणि पेशींतल्या मायटोकाँड्रियाही आईकडूनच. वीर्याची बँक केली तर मादीचा हा वारसा सुटतो. मादी भ्रूणाच्या जननपेशी साठवल्या तर तो राहतो.

किती साठवायच्या? परिणामकारक संख्या (अंतःप्रजननाच्या हिशेबात कळप केवढा धरायचा ती) म्हणजे नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण. १० नर आणि ३० माद्या असतील तर ती ४० नाही, ३० येते, आणि दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे १.७ टक्के वाढतं. २० नर २० माद्या घेतल्या तर ४० ची ४० आणि वाढ १.२५ टक्के. म्हणून नर-मादी वंश सारखे ठेवा आणि अंडी एका घरातून नाही, वेगवेगळ्या वाड्यांतून घ्या.

---

खाडीकाठ

अनुवंश यांच्याशी पूर्ण सहमत. साठवणुकीसाठी लागणारा द्रव नायट्रोजन इथे नवखा नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच असतात. पेशी ५ ते १० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड (गोठताना पेशी फुटू न देणारं रसायन) घातलेल्या माध्यमात, मिनिटाला १ अंश या वेगाने उणे ८० पर्यंत उतरवायच्या, मग नायट्रोजनच्या टाकीत. उणे ८० लाच महिनोन्‌महिने ठेवल्या तर हळूहळू मरतात. टाकीची पातळी दर आठवड्याला लाकडी पट्टी बुडवून बघायची, पट्टीवर दव धरतं तिथपर्यंत द्रव. प्रत्येक वंश दोन गावांतल्या दोन टाक्यांत हवा. एक टाकी आटली की सगळं गेलं असं होऊ नये.

---

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे हा साठवणुकीचा विषय मांडण्यासारखा आहे असं वाटतं. अंडी गोळा करणाऱ्यांनी प्रत्येक अंड्याची नोंद काय ठेवायची, ते कुणी सांगेल का?

---

अनुवंश

गाव आणि वाडी, घराचा क्रमांक, मादीचा रंग आणि पिसांचा प्रकार, त्या घरात कोंबडा कुठला आहे आणि शेजारी संकर कोंबडा फिरतो का, गेल्या वर्षभरात बाहेरून पिलं आणली का, अंडं घातल्याची तारीख आणि उचलल्याची वेळ. मादी खुडूक बसते का, हेही लिहा. अंड्यावर शिसपेन्सिलीनेच लिहायचं. मार्करची शाई कवचाच्या छिद्रांतून आत जाते. धुवायचं अजिबात नाही. घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा, फार घाण असेल तर ते अंडं घेऊ नका.